बोक्याची लघवी आणि शरीरातील पाणी: तुंबण्यापूर्वी आणि तुंबल्यावर काय करावे

बोका पाळणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे, म्हणून ती सर्वांत आधी. बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शौच-लघवीसाठी घरात ठेवलेल्या पेटीत, जाऊन बसत असेल, कुंथत असेल आणि तरीही लघवी होत नसेल किंवा जेमतेम थेंबभर होत असेल, तर त्याला त्याच तासाला पशुवैद्यकाकडे न्यावे. मध्यरात्र असली तरी न्यावे. सकाळपर्यंत थांबून पाहू, असे म्हणण्यासारखा हा त्रास नाही.

लघवी तुंबली की मूत्राशय फुगत जाते, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो आणि लघवीवाटे बाहेर पडायचे पदार्थ रक्तात साठू लागतात. त्यांतले पोटॅशियम सर्वांत घातक असते. त्याचे प्रमाण वाढले की हृदयाचे ठोके मंदावतात, अनियमित होतात आणि अखेरीस हृदय थांबते. मूत्रमार्ग पूर्ण बंद झालेला बोका उपचार न मिळाल्यास साधारणपणे २ ते ३ दिवसांत दगावतो, आणि त्याची प्रकृती पहिल्या २४ तासांतच गंभीर होऊ शकते.

तुंबलेली लघवी कशी ओळखावी

सुरुवातीची लक्षणे फसवी असतात. बोका बॉक्समध्ये जातो, बराच वेळ बसून राहतो, बाहेर येतो आणि काही मिनिटांत पुन्हा आत जातो. तो शिश्नाकडचा भाग सतत चाटत राहतो, बसल्या जागी ओरडतो, कोपऱ्यात लपतो किंवा पोटाला हात लावू देत नाही. पुढे तो खाणे सोडतो, उलट्या करतो आणि मलूल होऊन पडून राहतो. उलट्या आणि मलूलपणा सुरू झाला असेल तर विषारी द्रव्ये रक्तात साठली आहेत असेच समजावे.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो बद्धकोष्ठाच्या समजुतीमुळे. कुंथणारा बोका दिसला की घरच्यांना त्याला शौचाला होत नसावे असे वाटते, पोट साफ होण्याचे काहीतरी दिले जाते आणि त्यात अर्धा दिवस निघून जातो. कुंथणे लघवीसाठी आहे की शौचासाठी हे बाहेरून पाहून ठरवणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. त्यामुळे शंका असेल तेव्हा लघवी तुंबली आहे असेच गृहीत धरून चालावे. अंदाज चुकला तर एक फेरी वाया जाईल, पण उलट बाजूने चुकला तर बोका जाईल.

दवाखान्यात फोन करताना पहिल्याच वाक्यात ‘बोका आहे, कुंथतो आहे, लघवी होत नाही’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे पलीकडच्या माणसाला निकड लगेच कळते. शेवटची लघवी केव्हा झालेली पाहिली, तो काय खातो, कोणती औषधे चालू आहेत, उलटी झाली का, एवढे लक्षात ठेवून निघावे. निघण्यापूर्वी त्याला खाऊ घालू नये, कारण बहुधा भूल द्यावी लागते. तोंडात बळेच पाणी घालू नये. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. ताणलेले मूत्राशय अशा दाबाने फाटू शकते. माणसांची वेदनाशामके घरात हाताशी असतात, पण पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते आणि आयब्युप्रोफेन त्याच्या मूत्रपिंडांना इजा करते.

हा धोका बोक्यालाच का

मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि तुलनेने रुंद असतो. बोक्याचा मूत्रमार्ग लांब असून शिश्नाकडे जाताना निमुळता होत जातो, आणि शेवटच्या भागात त्याची आतली रुंदी एक मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. एवढ्या बारीक नळीत अडकायला मोठा खडा लागत नाही. मूत्राशयाच्या दाहामुळे सुटणारा चिकट स्राव, पेशी आणि बारीक स्फटिक एकत्र येऊन त्यांचे मऊसर बूच तयार होते आणि तेवढ्याने नळी बंद होते. काही वेळा खडा किंवा बूच काहीच नसते. नुसती सूज आणि स्नायूंचे आकुंचन यांमुळेही लघवी अडते.

मूत्राशयाच्या या दाहाचे निश्चित कारण बहुतेक वेळा सापडत नाही. पशुवैद्यक त्याला फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस किंवा थोडक्यात एफआयसी म्हणतात. लघवीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुण आणि मध्यमवयीन मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांना हाच आजार असतो. त्याखालोखाल खडे आणि बूच येतात. जंतुसंसर्ग मात्र तरुण बोक्यांत क्वचितच आढळतो; तो वयस्क, मधुमेही किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मांजरांत अधिक दिसतो. म्हणून लघवीला त्रास होतो आहे एवढ्यावरून मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक सुरू करणे बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते. एफआयसीचा साधा, न तुंबलेला झटका अनेकदा आठवड्याभरात आपोआप ओसरतो आणि त्याचे श्रेय अँटिबायोटिकला जाते. हा गैरसमज इतका टिकून राहिला आहे तो त्यामुळेच.

नसबंदीमुळे मूत्रमार्ग अरुंद राहतो, असेही बऱ्याच जणांना वाटते. नसबंदी केलेल्या बोक्यांत या तक्रारी अधिक दिसतात हे खरे आहे, पण मूत्रमार्गाच्या मोजमापांतून ही समजूत सिद्ध झालेली नाही. वाढलेले वजन, कमी झालेली हालचाल आणि पूर्णवेळ घरात राहणे या गोष्टींकडे लक्ष दिल्यास अधिक उपयोग होतो. या भीतीपोटी नसबंदी टाळू नये.

पाणी वाडग्यातून कमी, अन्नातून जास्त

रोजच्या काळजीत माझ्या मते सर्वाधिक फरक पडतो तो या एका ठिकाणी, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

घरातल्या मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशांत राहणारी आफ्रिकी रानमांजरे होत. त्यांना लागणारे बहुतेक पाणी भक्ष्याच्या शरीरातून मिळत असे. उंदरासारख्या भक्ष्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांशाहून अधिक भाग पाणीच असतो. पाणी वाचवण्यासाठी लघवी अत्यंत दाट करणारी मूत्रपिंडे आणि मंद तहान हे दोन्ही गुण घरच्या बोक्याकडे तसेच आले आहेत. शरीराला पाणी हवे असूनही तो वाडग्याकडे वळत नाही, आणि दाट लघवीत स्फटिक अधिक सहज तयार होतात.

आता हिशेब पाहू. मांजराला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे ४ किलोच्या बोक्याला सुमारे २०० मिलिलिटर. यात अन्नातले पाणीही धरलेले आहे. ड्राय फूडमध्ये (कोरड्या दाण्यांच्या अन्नात) पाण्याचा अंश साधारण ६ ते १० टक्के असतो. त्याने दिवसभरात ६० ग्रॅम ड्राय फूड खाल्ले तर त्यातून जेमतेम ५ मिलिलिटर पाणी मिळते आणि उरलेली जवळजवळ सगळी भरपाई वाडग्यातून व्हावी लागते. वेट फूडमध्ये (डब्यातल्या किंवा पाकिटातल्या ओल्या अन्नात) हाच अंश ७५ ते ८० टक्के असतो. तेवढ्याच उष्मांकांसाठी त्याला सुमारे २५० ग्रॅम वेट फूड लागेल आणि त्यातून १९० मिलिलिटरच्या आसपास पाणी मिळेल, म्हणजे वाडग्याला तोंड न लावताही दिवसाची गरज जवळपास भागते. ड्राय फूड खाणारा बोका पाणी जास्त पितो हे खरे, पण निव्वळ पिण्याने ही तफावत सहसा भरून निघत नाही. ‘आमचा बोका भरपूर पाणी पितो’ हे वाक्य त्यामुळे पुरेसे ठरत नाही.

बदल मात्र हळूहळू करावा. पहिले ३ दिवस नेहमीच्या ड्राय फूडसोबत वेगळ्या ताटलीत चमचाभर वेट फूड ठेवावे. ते चाटू लागला की ड्राय फूडचे प्रमाण एक चतुर्थांशाने कमी करून तेवढे वेट फूड वाढवावे, आणि अशा टप्प्यांनी ७ ते १० दिवसांत, हट्टी बोक्याच्या बाबतीत काही आठवड्यांत, हवे त्या प्रमाणापर्यंत जावे. फ्रिजमधून काढलेले थंडगार अन्न बहुतेक बोके नाकारतात. ते कोमट करून दिल्यास वास सुटतो आणि तो खातो. रस्सा चाटून तुकडे तसेच सोडत असेल तर तुकडे काट्याने कुस्करून रस्स्यात मिसळावेत. दिवसभर ड्राय फूडने भरलेली वाटी ठेवण्यापेक्षा ठरावीक वेळी जेवण देणे सोयीचे पडते, कारण भूक लागलेला बोका नवी चव लवकर स्वीकारतो आणि वजनही आटोक्यात राहते.

भूक लागू देणे म्हणजे उपाशी ठेवणे नव्हे. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ हा हिशेब मांजराला लागू पडत नाही. एक-दोन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. २४ तास त्याने अन्नाला तोंड लावले नाही तर नवे अन्न बाजूला ठेवून जुने द्यावे आणि पशुवैद्यकाला कळवावे.

वेट फूड नीट खाऊ लागल्यावर त्यातच पाणी वाढवावे. प्रत्येक जेवणात एक छोटा चमचा कोमट पाणी मिसळून सुरुवात करावी आणि दर २ ते ३ दिवसांनी थोडे वाढवत २ ते ३ मोठ्या चमच्यांपर्यंत न्यावे. तो खाणे सोडू लागला की एक पायरी मागे यावे. वेट फूडला अजिबात दाद न देणाऱ्या बोक्याला ड्राय फूड कोमट पाण्यात भिजवून देऊन पाहावे. असे भिजवलेले अन्न उष्ण हवेत लवकर खराब होते, त्यामुळे उरलेले तासाभरात उचलावे.

याचा अर्थ वाडग्याकडे दुर्लक्ष करावे असा नाही. पाण्याची भांडी एकाहून अधिक असावीत आणि ती घरात वेगवेगळ्या ठिकाणी, जेवणाच्या ताटलीपासून आणि लिटर बॉक्सपासून लांब ठेवावीत. काच, चिनीमाती किंवा स्टीलचे रुंद तोंडाचे, काठोकाठ भरलेले भांडे बऱ्याच बोक्यांना आवडते. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे, नुसते वरून भरत राहू नये. वाहत्या पाण्याकडे ओढ असलेल्या बोक्याला पाण्याचे कारंजे आवडते, पण त्याने सगळ्यांचेच पिणे वाढते असे नाही, आणि जाळी व गाळणी वेळेवर धुतली नाही तर त्यात बुळबुळीत थर बसतो. चिकन किंवा मासे उकळलेले साधे पाणी गार करून दिल्यास पुष्कळ बोके ते आवडीने पितात. त्यात मीठ, मसाला आणि मुख्य म्हणजे कांदा-लसूण नसावा, कारण कांदा-लसणामुळे मांजराच्या तांबड्या पेशी नष्ट होतात. दुधाने पाण्याची भरपाई होत नाही. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होऊन शरीरातले पाणी उलट कमी होते. सिरिंजने बळेच पाणी पाजू नये. ते फुप्फुसात जाऊ शकते आणि बोका पाण्याच्या भांड्यालाच घाबरू लागतो.

बोका प्रत्यक्षात किती पितो हे मोजायचे असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. भरलेले भांडे सकाळी वजन करून ठेवावे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वजन करावे. जितके ग्रॅम कमी, तितके मिलिलिटर पाणी गेले. तसेच एक भांडे बोक्याला पोहोचता येणार नाही अशा जागी ठेवून, वाफ होऊन किती गेले ते वजा करावे. सलग ४ ते ५ दिवस मोजल्यावर त्याचा नेहमीचा आकडा कळतो. अन्नात बदल न करता हा आकडा अचानक वाढला तर आनंद मानू नये. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार यांची ती सुरुवात असू शकते, आणि त्यासाठी रक्त व लघवी तपासून घ्यावी.

लिटर बॉक्सवर रोजची नजर

बोक्याच्या मूत्राशयाची खबर घरच्या घरी देणारी एकमेव जागा म्हणजे त्याचा लिटर बॉक्स. गोळे धरणारे, बारीक कणांचे, वास नसलेले लिटर (बॉक्समध्ये भरायची वाळू) वापरल्यास लघवीचे गोळे मोजता येतात आणि ही माहिती मोलाची असते. निरोगी बोका दिवसातून साधारण २ ते ४ वेळा लघवी करतो. रोज एकाच वेळी बॉक्स साफ करावा आणि किती गोळे निघाले, केवढे निघाले हे पाहावे. काही दिवसांत त्याचा नेहमीचा आकार डोळ्यांत बसतो. एरवी लिंबाएवढे दोन-तीन गोळे निघत असताना एके दिवशी वाटाण्याएवढे आठ-दहा निघाले, तर मूत्राशयाला दाह झाला आहे असे समजून त्याच दिवशी पशुवैद्यकाला फोन करावा. गोळाच नसेल आणि बोका आत-बाहेर करत असेल, तर लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली तातडी लागू होते. वेट फूड सुरू केल्यावर गोळे मोठे होतात, हे मात्र अपेक्षित आहे.

गुलाबी किंवा गंजाच्या रंगाचा डाग दिसल्यास तो रक्ताचा असू शकतो. न्हाणीघराच्या फरशीवर, बेसिनमध्ये किंवा गादीवर थेंब-थेंब लघवी सापडू लागली तर बोका खोडी काढत नसतो. बॉक्समध्ये बसताना त्याला वेदना झालेल्या असतात आणि तो त्या जागेशीच वेदना जोडतो. अशा वेळी रागावल्याने ताण वाढून आजारच बळावतो. घरात एकाहून अधिक मांजरे असतील तर कोणाचा गोळा कोणता हे कळत नाही. शंका येताच त्या बोक्याला स्वच्छ बॉक्स, पाणी आणि अन्न देऊन वेगळ्या खोलीत ठेवावे. कुंथताना दिसला असेल तर ही परीक्षा करत बसू नये.

मांजरांच्या संख्येपेक्षा एक बॉक्स जास्त, बॉक्सची लांबी बोक्याच्या लांबीच्या दीडपट आणि जागा शांत, हा नियम पाळावा. सगळे बॉक्स एकाच कोपऱ्यात ओळीने ठेवले तर मांजराच्या दृष्टीने ती एकच जागा असते.

ताण हेही कारण

एफआयसी हा केवळ मूत्राशयाचा आजार नाही. ज्या मांजरांची ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणा अतिसंवेदनशील असते त्यांच्यात तो मूत्राशयाच्या रूपाने प्रकट होतो, ही समज रुजवण्यात अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात काम केलेले पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. परिसरात योग्य बदल केल्यास झटक्यांची संख्या घटते, असे त्या कामातून पुढे आले. मांजरांच्या पशुवैद्यकांच्या संघटनांनी २०१३ मध्ये मांजराच्या परिसराविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. लपायला सुरक्षित जागा, अन्न-पाणी-बॉक्स-झोपण्याची जागा यांची एकमेकांपासून दूर अशी स्वतंत्र सोय, शिकारीसारख्या खेळाची संधी, माणसांचे सौम्य आणि ठरावीक वागणे, आणि त्याच्या वासाच्या जगाला धक्का न लावणे, या पाच गोष्टी त्यांत सांगितल्या आहेत.

प्रत्यक्षात सुरुवात उंचीपासून करावी. कपाटाच्या वर किंवा खिडकीपाशी एक फळी मोकळी केली तरी बोक्याला हक्काची जागा मिळते. दिवसातून दोनदा १० मिनिटे दोरीला बांधलेले पीस पळवून त्याला पळू, झेपावू आणि शेवटी पकडू द्यावे, आणि लगेच जेवण द्यावे. घरात दुसरे मांजर, नवे बाळ, दुरुस्तीचे काम किंवा स्थलांतर यांपैकी काही होणार असेल, तर आधीचा झटका आलेल्या बोक्यासाठी आठवडाभर आधीपासून शांत खोली तयार ठेवावी. दोन मांजरांमधले भांडण दरवेळी आवाजाचे नसते. एक जण बॉक्सच्या वाटेवर नुसता बसून राहतो आणि दुसरा लघवी रोखून धरतो. हे पाहण्यासाठी थोडा वेळ शांत बसून निरीक्षण करावे लागते.

तपासण्या आणि पथ्याचे अन्न

लघवीच्या नमुन्यात स्फटिक दिसले म्हणजे आजार आहेच असे नाही; निरोगी मांजरांतही ते दिसतात, आणि नमुना तासन्‌तास ठेवला, विशेषतः फ्रिजमध्ये ठेवला, तर नंतर नव्याने तयार होतात. म्हणून नमुना ताजा तपासला गेला का, हे विचारावे. लघवीची घनता म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी जरूर विचारावी. त्रास झालेल्या बोक्यात ती साधारण १.०३५ च्या खाली आणावी, असा प्रयत्न असतो. पाण्याचे उपाय लागू पडत आहेत की नाही हे याच आकड्यावरून कळते. खडा आहे का हे एक्स-रे किंवा सोनोग्राफीशिवाय ठरत नाही.

खड्यांचे दोन प्रकार मुख्य. स्ट्रुव्हाइटचे (मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे) खडे योग्य पथ्याच्या अन्नाने काही आठवड्यांत विरघळू शकतात, मात्र त्या काळात दुसरा एकही घास चालत नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे अन्नाने विरघळत नाहीत. ते काढावेच लागतात. लघवी आम्ल करणारे अन्न विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाले तेव्हा स्ट्रुव्हाइट घटले आणि ऑक्झलेटचे प्रमाण वाढत गेले. एका खड्यावरचा उपाय दुसऱ्याला आमंत्रण देऊ शकतो, त्यामुळे ‘युरिनरी’ असे लिहिलेले अन्न किंवा लघवीचे पीएच (आम्लतेचे प्रमाण) बदलणारी पावडर स्वतःच्या मनाने सुरू करू नये. माणसांना जळजळीवर दिले जाणारे सायट्रेटचे सिरप बोक्याला मुळीच देऊ नये. त्याने लघवी अल्कधर्मी होते आणि अशाच लघवीत स्ट्रुव्हाइट वाढते.

तुंबलेला बोका घरी आल्यावर

दवाखान्यात आधी सलाइन आणि हृदयाला जपणारी औषधे देऊन त्याला स्थिर करतात, मग भूल देऊन मूत्रमार्ग मोकळा करतात आणि बहुधा १ ते ३ दिवस कॅथेटर (लघवी काढणारी बारीक नळी) ठेवतात. अडथळा दूर झाल्यावर मूत्रपिंडे काही काळ खूप जास्त लघवी सोडतात, त्यामुळे सलाइनचे प्रमाण त्या हिशेबाने सतत बदलावे लागते. म्हणूनच त्याला लवकर घरी आणण्याची घाई करू नये. कॅथेटर काढल्यावर त्याने स्वतःहून नीट लघवी केलेली पाहूनच आणावे.

पुन्हा तुंबण्याची भीती पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते. या दिवसांत लिटर बॉक्स दर काही तासांनी पाहावा, वेदनाशामक आणि इतर औषधे ठरलेल्या दिवसापर्यंत पूर्ण द्यावीत, आणि बोका बरा दिसतो म्हणून ती मध्येच थांबवू नयेत. थेंब-थेंब, किंचित गुलाबी लघवी काही दिवस होऊ शकते. ती मुळीच न होणे मात्र पुन्हा तातडीचे. खाणे मंदावलेल्या बोक्यावर याच काळात नवे पथ्य लादू नये, कारण आजारपणात दिलेल्या अन्नाबद्दल त्याला कायमची नावड निर्माण होऊ शकते. आधी तो त्याच्या आवडीचे खाऊ लागू द्यावा, बदल नंतर करावा.

सगळे उपाय करूनही बोका वारंवार तुंबत असेल तर पेरिनिअल युरेथ्रोस्टॉमी ही शस्त्रक्रिया सुचवली जाते. तीत शिश्नाकडचा अरुंद भाग काढून मूत्रमार्गाला रुंद तोंड दिले जाते आणि तुंबण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. मूत्राशयाचा दाह मात्र तिने थांबत नाही, त्यामुळे पाणी, बॉक्स आणि ताण यांची काळजी पुढेही तशीच घ्यावी लागते. शिवाय रुंद झालेल्या मार्गातून जंतुसंसर्ग अधिक सहज होतो. म्हणून अशा बोक्याची लघवी पशुवैद्यक सांगतील त्या अंतराने कल्चरसाठी (जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या तपासणीसाठी) पाठवावी, मग तो बाहेरून कितीही ठणठणीत दिसत असो.